टूरिंग बाईकचं ऑइल किती तापतं? मीटर बसवा आणि वहीही ठेवा

खंबाटकी घाटाच्या तीन नोंदी माझ्या वहीत एकाखाली एक आहेत. गाडी तीच, रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११. मागे त्याच दोन बॅगा, तिसरा गियर, ताशी पन्नासच्या आसपासचा वेग, आणि साताऱ्याकडे जाताना चढ संपतो तिथे पाहिलेला तापमानाचा आकडा, अंश सेल्सिअसमध्ये. जानेवारी: हवा १८, ऑइल ९४. मे: हवा ३९, ऑइल ११६. ऑगस्ट: हवा २५, ऑइल ११३.

नुसता ऑइलचा आकडा पाहिला तर गाडी मे महिन्यात सगळ्यात जास्त तापली असं वाटतं. पण ऑइलमधून हवेचं तापमान वजा करून पाहा: ७६, ७७ आणि ८८. बिघाड ऑगस्टमध्ये होता. ताम्हिणीचा तांबडा चिखल ऑइल कूलरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांच्या फटींत, वाळून बसला होता आणि ऑइलची पातळी काचेच्या खिडकीतल्या खालच्या रेषेला टेकली होती. कूलर धुतला, ऑइल वरच्या रेषेपर्यंत आणलं, पुढच्या फेरीत फरक पुन्हा ७८ वर.

ऑइल टेम्परेचर मीटरचा खरा उपयोग हा आहे. पहिला मीटर घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती आकडा नॉर्मल?" त्याचं उत्तर पुढे देतोच, पण आधी एवढं मनात धरा: दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या फारसा कामाचा नाही. तुमच्याच गाडीचा, त्याच रस्त्यावरचा, हवेपेक्षा ऑइल किती वर आहे हा फरक कामाचा. एअर-कूल्ड गाडीत ओझं आणि वेग सारखा असेल तर हवा दहा अंशांनी वाढली की ऑइलही साधारण तेवढंच वाढतं. म्हणून फरक जवळपास स्थिर राहतो, आणि तो हलला की गाडी काहीतरी सांगत असते.

ऑइलच का मोजायचं?

एअर-कूल्ड किंवा एअर-ऑइल कूल्ड बाईकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं, थंड करणारा द्रवही तेच. ते हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून), पिस्टनच्या खालून उष्णता उचलतं आणि खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, आणतं. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत गियरबॉक्स आणि ओला क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्यामुळे घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिलात तर क्लचप्लेटची उष्णताही ऑइलमध्येच जाते. हेडचं तापमान मिनिटाभरात वरखाली होतं. ऑइल सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, आणि त्याच्या या संथपणामुळेच मागच्या दहा-पंधरा मिनिटांत गाडीवर काय गुजरलं ते त्यात दिसतं.

लिक्विड-कूल्ड गाड्यांच्या मीटरवर जे तापमान दिसतं ते कूलंटचं असतं. ते ठीक असलं म्हणून ऑइलही ठीक असेलच असं नाही, पण अशा गाडीवर वेगळा मीटर बसवायची निकड कमी.

ऑइलच्या डब्यावरच्या १५डब्ल्यू५० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, आणि दुसरी श्रेणी १०० अंशांवर मोजलेल्या घट्टपणाची. म्हणजे शंभर अंश हा ऑइलसाठी आजार नाही, कामाचं तापमान आहे. नवीन रायडर १०२ पाहून गाडी बाजूला घेतात. घाबरू नका. उलट ऑइल कायम ७० वर राहिलं तर त्यात जमलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही. जुलैमध्ये घर ते ऑफिस पाच-सहा किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पाहावं. तिथे दुधाळ, पिवळट लोणी धरलेलं दिसतं ते हेच पाणी. तासभर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून आणली की बहुतेक वेळा ते निघून जातं. तरीही गेलं नाही, किंवा खिडकीतलं सगळं ऑइलच दुधाळ दिसलं, तर गाडी मेकॅनिककडे न्या.

आता आकडे. हे सेमी-सिंथेटिक १५डब्ल्यू५० वर चालणाऱ्या एअर-कूल्ड, एका सिलिंडरच्या गाडीसाठी, संपमध्ये मोजलेले, आणि मी स्वतः पाळतो ते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर मॅन्युअलच प्रमाण.

ऑइल साठ अंशांच्या खाली असताना हलक्या हाताने चालवा, थ्रॉटल पिळू नका. ऐंशीपर्यंत मध्यम. ऐंशी ते ११५ मध्ये निर्धास्त. ११५ ते १३० मध्ये लक्ष ठेवा, हा टप्पा मे महिन्यातल्या घाटात येणारच. १३० च्या वर आकडा टिकून राहिला तर वेग उतरवा. १४० दिसले तर सावली बघून थांबा. ऑइल खराब होण्याचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. म्हणजे १३० वर घालवलेला एक तास ११० वरच्या चार तासांएवढा. मोठ्या उन्हाळी राईडनंतर मी ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदलतो ते त्यामुळेच.

पैसे खर्च करण्याआधी

बाजारात पाचशे रुपयांपासून पुढे कितीही महाग वस्तू मिळते. काहीही घेण्याआधी गाडीचं ऑइल कुठे मोजता येतं ते पाहा. सोय साधारण तीन ठिकाणी असते.

ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारा, डायल असलेला थर्मामीटर. वायर नाही, बॅटरी नाही, पाच मिनिटांत बसतो. पण तो चालत्या गाडीवर वाचता येत नाही, थांबूनच वाकून पाहावा लागतो. शिवाय त्याची दांडी ऑइलमध्ये बुडायला हवी. अधांतरी राहिली तर तो आतल्या ऑइलच्या धुक्याचं तापमान दाखवतो. आणि दांडी फार लांब असेल तर आत फिरणाऱ्या क्लचला किंवा गियरला लागेल. म्हणून झाकण काढून, टॉर्च मारून, किती खोल जागा आहे ते आधी मोजा. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं दुकानदार म्हणाला तरी आटे जुळवल्याशिवाय घेऊ नका.

दुसरी जागा ड्रेन नट. मूळ नट काढून सेन्सर असलेला नट बसवायचा. आकडा विश्वासाचा मिळतो, कारण सेन्सर कायम ऑइलमध्येच असतो. तोटे दोन. सेन्सर इंजिनच्या तळातून बाहेर डोकावतो, म्हणून खाली मजबूत गार्ड नसेल तर दगड लागून तुटू शकतो आणि मग ऑइल रस्त्यावर. दुसरं, अनेक गाड्यांच्या मूळ ड्रेन नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते लोखंडाचा भुगा धरून ठेवतं. सेन्सरवाल्या नटाला ते बहुधा नसतं.

तिसरी जागा ऑइल कूलरच्या पाइपचा पोकळ बोल्ट किंवा इंजिनवर असलेला एखादा ऑइल गॅलरीचा (इंजिनमधल्या ऑइलच्या वाटेचा) बोल्ट. इथे वाहतं ऑइल मोजलं जातं. कूलरकडे जाणाऱ्या बाजूला आकडा जास्त, परत येणाऱ्या बाजूला कमी. पहिल्यांदाच करत असाल तर ही जागा मेकॅनिकवर सोडा, इथे ऑइल दाबाखाली असतं.

जागा बदलली की आकडा दहा-पंधरा अंशांनी सहज बदलतो. ग्रुपमधला मित्र म्हणतो माझी गाडी ९५ च्या वर जात नाही, तेव्हा त्याला आधी विचारा की सेन्सर कुठे आहे.

मीटर घ्यायचाच नसेल तर लेसर टिंबवाली इन्फ्रारेड गन वापरणारेही आहेत. ती चालते, पण एक युक्ती हवी. चकचकीत ॲल्युमिनियम किरणांतून फार कमी उष्णता सोडतं, म्हणून गन तिथे हास्यास्पद कमी आकडा दाखवते. संपच्या बाजूला नाण्याएवढा ठिपका उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाने रंगवा आणि दर वेळी त्यावरच, तेवढ्याच अंतरावरून गन धरा. हा आकडा आतल्या ऑइलपेक्षा कमीच येईल. पण वहीसाठी पुरेसा आहे, कारण आपल्याला फरक पाहायचा आहे.

मीटर बसवताना

मी ड्रेन नटाचा सेन्सर आणि हँडलवरचा डिजिटल मीटर वापरतो, त्यामुळे तेच सांगतो.

आधी स्वयंपाकघर. सेन्सर गाडीत जाण्याआधी तो खरं बोलतो का ते पाहा. पातेल्यात पाणी खळखळून उकळा, सेन्सर तारेने लटकवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, मीटरला १२ व्होल्ट द्या. आकडा शंभर यायला हवा असं वाटेल, पण ते मुंबईत किंवा पणजीत. उंची वाढली की पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे ९८ हा बरोबर आकडा. महाबळेश्वरला ९५-९६. लेहमध्ये तर ८८ च्या आसपासच पाणी उकळतं. मग त्याच सेन्सरला बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बुडवा, शून्य दिसायला हवं. दोन्हीकडे दोन-तीन अंशांची चूक असेल तर चालेल, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दहा अंशांची असेल तर मीटर परत करा.

सेन्सरचे आटे मोजणं हे सगळ्यात महत्त्वाचं. ड्रेन नट काढून व्हर्नियरने त्याचा बाहेरचा व्यास मोजा आणि दोन आट्यांमधलं अंतर आटेमापकाने पाहा. ते नसेल तर नट घेऊन नट-बोल्टच्या दुकानात जा, ते दोन मिनिटांत सांगतात. नवीन नट हाताने, पाना न लावता, निदान चार-पाच फेरे सरळ आत गेला पाहिजे. अडखळला तर तिथेच थांबा. संप ॲल्युमिनियमचा असतो, पोलादी नटाने त्याचे आटे एकदा खाल्ले की काम वाढतं.

हे काम ऑइल बदलायच्या दिवशीच करा, नाहीतर चांगलं ऑइल फुकट काढावं लागेल. गाडी थोडी गरम असताना ऑइल नीट निथळतं, पण उकळतं ऑइल हातावर घेऊ नका. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर नवीनच टाका. मी पहिल्यांदा जुनाच वॉशर लावला होता. पुण्याहून निघालो, भोरच्या पुढे चहाला थांबलो, आणि साइड स्टँडखाली बदामाएवढा काळा डाग. बोटाने पाहिलं तर नटाच्या कडेवर एक थेंब तयार होत होता, पडत होता, पुन्हा तयार होत होता. वरंधा घाट तसाच उतरण्याची हिंमत झाली नाही, परत फिरलो. वॉशरची किंमत तेव्हा दहा रुपयेसुद्धा नव्हती.

नट आवळायचा तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोरावर, टॉर्क पान्याने. पोकळ सेन्सर नट मूळ भरीव नटापेक्षा कमकुवत असतो, म्हणून सोबत वेगळी मर्यादा दिली असेल तर त्यातली कमी असेल ती पाळा. आणि एक बारीक गोष्ट: सेन्सरला एकच वायर असेल तर त्याची अर्थिंग नटाच्या आट्यांतून इंजिनला मिळते. अशा सेन्सरवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नका, अर्थिंग तुटते आणि आकडा नाचायला लागतो. दोन वायरचा सेन्सर असेल तर ही भानगड नाही.

वायरिंगचं म्हणाल तर मीटरची लाइन किल्ली चालू केल्यावरच करंट येणाऱ्या वायरवरून घ्या आणि मध्ये एक अँपिअरचा फ्यूज टाका. थेट बॅटरीवर जोडलं तर गाडी आठवडाभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर फक्त टिकटिक करेल. सेन्सरची वायर सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नका, फ्रेमच्या आतून न्या. हँडलच्या मुळाशी वायरला ढील ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण लॉकपर्यंत वळवून पाहा, कुठे ताण येतो का. सोल्डरिंगचे जोड व्हायब्रेशनने तुटतात, दाबून बसवलेले टर्मिनल जास्त टिकतात. सेन्सर थर्मोकपल प्रकारचा (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा) असेल तर त्याची वायर साध्या तांब्याच्या वायरने वाढवायची नाही, आकडा चुकतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

शेवटी ऑइल भरा, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा, गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करून पातळी पाहा. खाली पुठ्ठा ठेवून गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तरच रस्त्यावर.

पहिले पाचशे किलोमीटर

या काळात आकड्यावरून काही निष्कर्ष काढू नका, फक्त लिहा. माझ्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, जागा, हवेचं तापमान, ऑइलचं तापमान, फरक, आणि शेरा. शेऱ्यात 'मागे एक माणूस', 'समोरून वारा', 'पाऊस' असं दोन शब्दांत. हवेचं तापमान चालत्या गाडीवरचं घ्या. उभ्या गाडीवर गाडीच्या मूळ मीटरवरचा हवेचा आकडा इंजिनच्या धगीने फुगलेला असतो.

नोंदीच्या जागा ठरवून टाका. रोज येता-जाता लागणारा एक सपाट रस्ता, जिथे वीस मिनिटं एका वेगाने जाता येतं, आणि एक घाट. मला खंबाटकी सोयीचा, कारण तिथे पोचेपर्यंत पन्नास-साठ किलोमीटर झालेले असतात आणि ऑइल स्थिरावलेलं असतं. नाशिककरांना कसारा, कोल्हापूर-बेळगावकडच्यांना आंबोली. घरातून निघून दहाव्या मिनिटाला घेतलेली नोंद खोटी असते, ऑइल अजून तापतंच आहे.

दहा-बारा नोंदी झाल्या की तुमच्या गाडीचा स्वभाव कळतो. माझी सपाटीला हवेपेक्षा ६५ ते ७० वर राहते, चढाला ७५ ते ८०. तुमची वेगळी असेल. मग फरक कधी आठ-दहा अंशांनी वाढला तर या क्रमाने पाहा: ऑइलची पातळी, कूलरच्या आणि सिलिंडरच्या फिन्समधला चिखल-किडे, नंतर अर्धवट लागून राहिलेला मागचा ब्रेक, आणि मग मेकॅनिकसाठीच्या गोष्टी, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होणं, व्हॉल्व्ह क्लिअरन्स वगैरे. कूलर धुताना प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका, फिन्स आडव्या होतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी.

आणखी एक कारण आपल्याकडे फार दिसतं. लेगगार्डला रेनकोटच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, जास्तीचे दिवे बांधलेले असतात. दिसायला छान, पण वारा अडतो. पिशव्या काढून तोच रस्ता पुन्हा करा आणि फरक वहीत पाहा, कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

रस्त्यात आकडा चढायला लागला तर

रविवारी संध्याकाळी ताम्हिणीतून परतताना गाड्यांची रांग लागते. वारा नाही, चढ आहे, क्लच सतत हातात. १०८ वरून १२६ व्हायला मला तिथे पंधरा मिनिटंही लागली नव्हती. अशा वेळी रांग मिनिटभर हलणार नसेल तर इंजिन बंद करा. पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकू नका, थोडी जागा पडू द्या आणि मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गियरमध्ये एकदम वीस-तीस मीटर पुढे जा.

मोकळ्या चढावर आकडा वाढत असेल तर बहुतेक जण वरचा गियर टाकतात, आवाज कमी झाला म्हणजे इंजिनला आराम मिळाला असं वाटतं. चौथ्यात थरथरत चढण्यापेक्षा तिसऱ्यात, जरा जास्त आरपीएमवर आणि कमी थ्रॉटलवर चढा. पंप जास्त ऑइल फिरवतो आणि पिस्टनवरचा ताण कमी होतो. अर्थात दुसऱ्यात किंचाळत नेऊ नका.

थांबलात तर वाऱ्याकडे तोंड करून, सावलीत. थांबल्यावर काही मिनिटं आकडा उतरायच्या ऐवजी दोन-चार अंश वर जाऊ शकतो, वरची उष्णता खाली झिरपत असते, त्याने घाबरू नका. तापलेल्या इंजिनवर पाणी कधीही ओतू नका. गरम धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तो वाकू किंवा तडकू शकतो. वीस मिनिटं, एक चहा, पुरे.

आणि चढणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त सावध व्हायचं ते अचानक उतरलेल्या आकड्याने. हा मीटर तापमान सांगतो, ऑइलचा दाब सांगत नाही. गाडी नेहमीसारखी पळत असताना ११० वरचा आकडा झपाट्याने ७०-६० वर आला तर बहुतेक वेळा वायर किंवा कनेक्टर सैल झालेला असतो. पण सेन्सर ऑइलविना कोरडा पडला तरी असंच दिसतं. म्हणजे ऑइल निघून गेलेलं असू शकतं. क्लच दाबा, बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. आधी खाली वाकून ड्रेन नट आणि मागचं टायर पाहा, टायरवर ऑइल असेल तर गाडी एक इंचही चालवायची नाही. टायर कोरडं असेल तर खिडकीतली पातळी पाहा, आणि ती दिसली तरच कनेक्टर तपासायला घ्या.